ओब्रीचा विक्रम वॉशिंग मशीनचा नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

स्कॉटलंडचा सायकलपटू ग्रेम ओब्री याची ओळख मराठी वाचकांना बहुधा एकाच वाक्यात होते : वॉशिंग मशीनच्या भंगारातून सायकल बनवून विश्वविक्रम करणारा माणूस. क्रीडा पानांवर, बक्षीस समारंभातल्या भाषणांत, मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांत हेच वाक्य असते. त्यात खरे एवढेच, की वॉशिंग मशीनची बेअरिंग त्याने सायकलला बसवली; पण त्याची खरी कामगिरी त्याखाली पार झाकली जाते. आम्ही ट्रॅक सायकलिंग शिकवतो आणि सायकली बांधतो, दुरुस्त करतो. ही गोष्ट ऐकून आलेली मुले पहिला प्रश्न बेअरिंगचा विचारतात. बसण्याच्या पद्धतीबद्दल सहसा कुणी विचारत नाही. म्हणून हे पत्र जरा सविस्तर लिहीत आहोत.

आधी विक्रम कसला ते सांगू : तासाचा. एक स्वार, बंद ट्रॅक, थांबलेल्या अवस्थेतून सुरुवात आणि बरोबर एक तास. सायकल फिक्स गियरची, म्हणजे चाक फिरतेय तोवर पेडलही फिरणार, पाय थांबवण्याची सोय नाही. ब्रेक नाहीत. पुढे कुणी हवा कापायला नाही. तासाभरात किती अंतर झाले एवढेच मोजायचे. १९७२ साली बेल्जियमच्या एडी मर्क्सने मेक्सिको सिटीत ४९.४३१ किलोमीटर काढले. पुढे ५२ दाती चक्र आणि मागे १४ दाती, म्हणजे पेडलच्या एका फेरीत साधारण ७.९ मीटर. या गियरवर त्याचे पाय तासभर मिनिटाला १०४ च्या आसपास फेऱ्या मारत होते. बारा वर्षांनी, जानेवारी १९८४ मध्ये, इटलीच्या फ्रांचेस्को मोझरने त्याच शहरात ५१.१५१ किलोमीटर केले. त्याच्या सायकलला तारांच्या चाकांऐवजी बंद चकतीची चाके होती.

दोघांनी मेक्सिको सिटीच का निवडली? ते शहर समुद्रसपाटीपासून सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. तिथली हवा आपल्या कोकण किनाऱ्यावरच्या हवेपेक्षा पाचव्या हिश्श्याहून अधिक विरळ असते. या वेगाला स्वाराची बहुतेक सगळी ताकद हवा सारण्यात जाते, त्यामुळे विरळ हवेचा फायदा मोठा. तिथे प्राणवायूही कमी मिळतो आणि पायांची ताकद घटते हे खरे. पण वजाबाकी करून हाती वेग उरतोच. ओब्रीने १९९३ साली ५१.५९६ किलोमीटर केले ते नॉर्वेतल्या हामार गावी, जवळपास समुद्रसपाटीच्या दाट हवेत. मोझरपेक्षा ४४५ मीटर जास्त. ही उंचीची बाब बातम्यांत कधी येत नाही आणि त्यामुळे वाचकाच्या लेखी त्या विक्रमाची किंमत निम्मी होते.

आता त्या बेअरिंगकडे येऊ. ज्याभोवती पेडल फिरतात त्या सायकलच्या मधल्या एक्सलमध्ये तेव्हा साधारणपणे कप, कोन आणि छर्रे असत. ओब्रीने तिथे वॉशिंग मशीनमधली बेअरिंग बसवली. त्याचा विचार असा, की जे बेअरिंग कपड्यांनी भरलेला ड्रम मिनिटाला १२०० फेऱ्यांनी फिरवते, त्याला माणसाच्या पायाच्या शंभर फेऱ्या म्हणजे काहीच नाही. पण चांगल्या स्थितीतल्या कुठल्याही मधल्या एक्सलमध्ये घर्षणापायी जाते ती ताकद एक-दोन वॅटची. तासाचा विक्रम करणारा माणूस तासभर साडेतीनशे-चारशे वॅट देत असतो. घर्षण अगदी शून्यावर आणले तरी तासात पदरात पडतील शंभर मीटरपेक्षा कमी. उरलेले मीटर आले कुठून?

त्यांची सुरुवात सायकलच्या अरुंदपणातून होते. ओब्रीचे म्हणणे होते की दोन पायांमधले अंतर साधारण एका केळ्याच्या रुंदीएवढे असावे, कारण माणूस धावताना पाय तेवढेच जवळ पडतात. नेहमीच्या रस्ता सायकलवर दोन्ही क्रँकच्या (पेडल ज्यांना लावतात त्या दांड्यांच्या) बाहेरच्या बाजूंमधले अंतर १४०-१५० मिलिमीटर असते. ते कमी करायचे तर मधल्या एक्सलचे घरच अरुंद हवे आणि मग बाजारातली तयार बेअरिंग त्यात मावत नाहीत. म्हणून दुसरीकडची शोधावी लागली.

घर अरुंद केले की पुढची अडचण आपोआप उभी राहते. क्रँक आत सरकले की मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दांड्यांना घासतात, टाचाही लागतात. ओब्रीने ते दांडे नेहमीसारखे आडवे न ठेवता क्रँकच्या वाटेतून हलवले. गुडघे एकमेकांजवळ आले की सीटपासून हँडलकडे जाणाऱ्या वरच्या दांडीला आपटतात, म्हणून त्याने वरची दांडीच काढून टाकली. दांडी गेली की फ्रेम मुरगळते, म्हणून उरलेला मुख्य पाइप दणकट हवा. शिवाय पुढचे चक्र आत आले की मागच्या चक्राशी चेनची रेघ जुळवून घ्यावी लागते. ती तीन-चार मिलिमीटर चुकली तरी चेन आवाज करते, झिजते आणि फिक्स गियरवर उतरली तर मागचे चाक जाम होऊन माणूस थेट ट्रॅकच्या लाकडी फळ्यांवर. एक माप बदलले की सायकलची बाकीची सगळी मापे नव्याने बसवावी लागतात आणि ती त्याने स्वतः, जवळ पैसा नसताना बसवली. त्याचे सायकलचे दुकान बुडाले होते, डोक्यावर कर्ज होते, घर बेकारभत्त्यावर चालले होते. सायकलचे नाव त्याने ‘ओल्ड फेथफुल’ ठेवले.

एवढे करूनही निम्मेच काम झाले होते. खरा शोध त्याच्या बसण्यात आहे. उतारावरचे स्कीपटू जसे अंग मुडपून घेतात तसे सायकलवर बसता येईल का, हा प्रश्न त्याने घेतला. हँडल अरुंद आणि सरळ, छातीच्या अगदी जवळ ओढलेले. हात कोपरातून पूर्ण मुडपलेले, कोपरे बरगड्यांना चिकटलेली, मुठी खांद्यांच्या खाली आणि छातीचा भार त्या हातांवर टेकलेला. सीट बरीच पुढे. समोरून पाहिले तर डोके, खांदे आणि त्यामागे फिरणारे गुडघे एवढेच दिसते. हात नावाची वस्तू वाऱ्याला सापडतच नाही.

याचा फायदा मोजून सांगता येतो. हवेवर खर्च होणारी ताकद वेगाच्या तिसऱ्या घाताने वाढते. म्हणजे वेग एक टक्का वाढवायचा तर ताकद तीन टक्के वाढवावी लागते आणि जगज्जेत्याच्या पायात तीन टक्के जादा ताकद आणायला वर्षे जातात. उलट, त्याच ताकदीत शरीराचा वाऱ्याला होणारा अडथळा दहा टक्के कमी केला तर ५० किलोमीटरच्या वेगावर तासाला दीड किलोमीटरहून जास्त मिळतात. ओब्रीने हीच बाजू धरली. तेव्हा मोठमोठे संघ चाके आणि कार्बनच्या फ्रेमवर पैसा ओतत होते. त्याने ओळखले की वाऱ्याला मुख्य अडथळा सायकलीचा नसतो, स्वाराचा असतो.

या आसनाचे तोटेही सांगितलेच पाहिजेत, कारण मुले ते करून बघतात. हँडल इतके अरुंद असले की थांबलेल्या सायकलला वेग देताना ती सरळ राहत नाही. पहिल्या फेरीत ती डावी-उजवी लुडबुडते. छाती हातांवर दाबली गेली की वरवरचा श्वास अपुरा पडतो, पोटातून श्वास घेण्याची वेगळी तयारी करावी लागते. मान आणि खांदे पंधरा-वीस मिनिटांत भरून येतात. रेघ सांभाळणे तर फारच कठीण. ट्रॅकचे अंतर आतल्या काळ्या रेघेवर मोजतात. तिच्यापासून फक्त १० सेंटीमीटर बाहेरून सायकल चालवली तर फेरीला ६३ सेंटीमीटर फुकट जातात. २५० मीटरच्या ट्रॅकवर ५१.५९६ किलोमीटर म्हणजे २०६ फेऱ्या. एवढ्या फेऱ्यांत १३० मीटर पाण्यात. घाम डोळ्यात गेलेला, हँडल वीतभर, फेरीला साडेसतरा सेकंदांपेक्षाही थोडा कमी वेळ आणि मोझरच्या विक्रमी गतीशी फरक फेरीमागे सेकंदाच्या साधारण सातव्या हिश्श्याचा. त्या तासात ओब्री जे करत होता ते हे.

हामारचे ते दोन दिवसही नीट सांगायला हवेत. १६ जुलै १९९३ ला त्याने पहिला प्रयत्न केला तो ‘ओल्ड फेथफुल’वर नव्हे, तर माइक बरोज या नामांकित सायकल-रचनाकाराने केलेल्या तिच्या प्रतिकृतीवर. तो प्रयत्न जवळपास किलोमीटरभराने हुकला. ट्रॅक चोवीस तासांसाठी घेतलेला होता. ओब्रीने दुसऱ्या दिवशी पुन्हा उतरायचे ठरवले. तासाचा प्रयत्न झाल्यावर मांड्या-पोटऱ्या अशा आखडतात की दुसऱ्या दिवशी जिना उतरणे जड जाते. तो रात्री भरपूर पाणी पिऊन झोपला, म्हणजे दर थोड्या वेळाने लघवीला उठावेच लागेल. आणि उठला की स्नायू ताणायचे, मग पुन्हा झोपायचे. सकाळी तो स्वतःच्या जुन्या सायकलवर बसला आणि मोझरचा नऊ वर्षांचा विक्रम मोडला. आखडलेल्या पायांवर एवढा साधा, बिनखर्ची उपाय क्वचितच कुणाला सुचला असेल. मुलांना सांगायचेच तर ओब्रीचे हे सांगावे.

विक्रम टिकला सहा दिवस. २३ जुलैला इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमनने फ्रान्समध्ये बोर्डोच्या ट्रॅकवर ५२.२७० किलोमीटर केले. बोर्डमन १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा सुवर्णविजेता. तिथली त्याची काळी कार्बनची लोटस सायकल जगभर गाजली होती. म्हणजे एकीकडे शास्त्रज्ञ, कंपनी, पवनबोगदा आणि दुसरीकडे घरच्या घरी जोडलेली फ्रेम, असा तो सामना होता. त्याच उन्हाळ्यात हामारलाच जागतिक स्पर्धा झाली. चार किलोमीटरच्या पाठलाग शर्यतीत (दोघे ट्रॅकच्या समोरासमोरच्या बाजूंनी एकदम सुटतात) ओब्रीने उपांत्य फेरीत बोर्डमनला हरवले आणि अंतिम फेरीत फ्रान्सच्या फिलिप एर्मेनोला मागे टाकून तो ४ मिनिटे २०.८९४ सेकंद या विश्वविक्रमी वेळेत जगज्जेता झाला. एप्रिल १९९४ मध्ये त्याने बोर्डोलाच ५२.७१३ किलोमीटर करून तासाचा विक्रम परत मिळवला. त्याच वर्षी आधी स्पेनच्या मिगेल इंदुराइनने ५३.०४० आणि मग स्वित्झर्लंडच्या टोनी रोमिंगरने ५५.२९१ पर्यंत मजल नेली.

आता नियमांची बाजू, जिच्यावर मराठीत जवळजवळ काहीच छापून येत नाही. १९९४ ची जागतिक स्पर्धा सिसिलीत पालेर्मोला होती. आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाने ओब्रीच्या बसण्याच्या पद्धतीवर ऐन स्पर्धेच्या तोंडावर बंदी घातली. तो त्याच पद्धतीने बसून उतरला आणि बाद ठरला. यंत्राने माणसावर मात करू नये, ही महासंघाची चिंता आम्ही समजू शकतो. पण ओब्रीकडे यंत्र होते कुठे? मुडपलेले हात दुकानात विकत मिळत नाहीत. गरीब देशातला मुलगाही ते फुकटात करू शकतो. खेळ सर्वांसाठी समान ठेवायचा असेल तर नेमकी हीच गोष्ट मोकळी ठेवायला हवी होती. ती बंदी आमच्या मते अन्यायाचीच होती आणि ज्या घाईने ती घातली गेली ती अधिकच वाईट.

ओब्री गप्प बसला नाही. हात मुडपता येत नाहीत ना, मग पूर्ण पुढे लांब करू, असे म्हणून त्याने दुसरे आसन काढले. हात डोक्यासमोर सरळ ताणलेले, उडणाऱ्या सुपरमॅनसारखे. नावही तेच पडले. या आसनात १९९५ साली कोलंबियात बोगोटाला तो पुन्हा पाठलाग शर्यतीचा जगज्जेता झाला. सप्टेंबर १९९६ मध्ये बोर्डमनने याच आसनात मँचेस्टरला ५६.३७५ किलोमीटर केले. मग त्या आसनावरही बंदी आली. एकाच माणसाने काढलेली दोन आसने, दोन्हींनी विश्वविजेतेपद मिळवले, आणि दोन्ही बंद! सायकलिंगच्या इतिहासात याला जोड नाही.

२००० साली महासंघाने तासाचा विक्रम चक्क मर्क्सच्या १९७२ च्या आकड्यावर परत नेला. गोल नळ्यांची फ्रेम, तारांची चाके, वाकडे हँडल, तसलीच सायकल हवी. मोझर, ओब्री, इंदुराइन, रोमिंगर यांचे आकडे वेगळ्या यादीत गेले. त्या ऑक्टोबरमध्ये बोर्डमनने मर्क्सच्या पद्धतीच्या सायकलवर ४९.४४१ किलोमीटर केले, मर्क्सपेक्षा फक्त १० मीटर जास्त. हाच बोर्डमन चार वर्षांपूर्वी ५६ च्या पुढे गेला होता. मधल्या सात किलोमीटरमध्ये आसन आणि हवा यांचा वाटा किती आणि पायांचा किती, हे यावरून कुणालाही कळेल.

२०१४ मध्ये नियम पुन्हा बदलले आणि आजच्या ट्रॅक सायकलींना परवानगी मिळाली. जर्मनीच्या येन्स व्होइग्टने ५१.११० किलोमीटर करून ‘नवा विश्वविक्रम’ केला, तो ओब्रीच्या एकवीस वर्षांपूर्वीच्या आकड्याहून कमी होता! बोर्डमनच्या ५६.३७५ च्या पुढे जायला ऑक्टोबर २०२२ उजाडावे लागले. तेव्हा इटलीच्या फिलिपो गानाने स्वित्झर्लंडमधल्या ग्रेंखनच्या ट्रॅकवर ५६.७९२ किलोमीटर केले. त्याची फ्रेम धातूच्या भुकटीपासून त्रिमितीय छपाईने बनवलेली होती.

ओब्रीची व्यावसायिक कारकीर्द फुलली नाही. फ्रान्सच्या एका संघाशी करार झाला आणि लगेच मोडला. तिथे उत्तेजकांची अपेक्षा होती, असे त्याने पुढे जाहीरपणे सांगितले. भाऊ अपघातात गेला. मनाच्या आजाराशी तो वर्षानुवर्षे झुंजला, जीव देण्याचे प्रयत्नही झाले आणि त्याबद्दल तो स्वतः मोकळेपणाने बोलला आहे. भाषणांत हा भाग गाळला जातो, जणू त्याने विजेत्याची शोभा जाते. खेळाडू मुलांना हे कळायला हवे असे आम्हाला वाटते. पदक मिळाल्यावरही माणूस आजारी असू शकतो आणि तेव्हा त्याला भाषणाची नाही, डॉक्टरची गरज असते. २०१३ मध्ये, पन्नाशीला टेकलेला असताना, त्याने पालथे झोपून डोके पुढे ठेवून चालवायची बंदिस्त सायकल घरी बनवली आणि अमेरिकेत नेवाडातल्या बॅटल माउंटनला ताशी सुमारे ९१ किलोमीटरचा वेग गाठला. या वयातही त्याचा प्रश्न तोच होता : शरीर हवेत कसे ठेवायचे?

आपल्याकडच्या मुलांनी यातून घ्यायचे ते काय, हेही लिहितो. ओब्रीचे आसन रस्त्यावर करू नका. त्यात हात ब्रेकपाशी नसतात, खड्डा आला तर हँडल निसटते. स्पर्धेत तर ते बादच आहे. पण नियमात बसून बरेच करता येते. बालेवाडीसारख्या उघड्या वेलोड्रोमवर (सायकलच्या ट्रॅकवर) वारा पडलेला असतो अशा भल्या पहाटे जा. टायरमधली हवा, कपडे, हेल्मेट, गियर सगळे तेच ठेवा. पॉवर मीटर (पायांची ताकद वॅटमध्ये दाखवणारे यंत्र) असेल तर एकाच वॅटवर दहा फेऱ्या काढा, नसेल तर हृदयाचे ठोके धरून. मग एकच गोष्ट बदला : हँडल एक सेंटीमीटर खाली, किंवा कोपरांमधले अंतर दोन सेंटीमीटर कमी. पुन्हा दहा फेऱ्या. मग पहिल्या मापावर परत येऊन तिसऱ्यांदा दहा, नाहीतर फरक आसनाचा की उन्हाने हवा तापल्याचा हे कळत नाही. वेळ सुधारली तरी त्या मापावर दोन आठवडे सराव करा. मान किंवा गुडघा दुखू लागला तर माप चुकले असे समजा. दोन बदल एकदम केले की सगळी मेहनत वाया जाते. नव्या मुलांच्या हातून बहुतेक वेळा हेच होते.

आपल्या क्रीडा विभागाला एक विनंती आहे. तासाच्या विक्रमाचा तक्ता छापताना नाव, देश आणि किलोमीटर यांच्या जोडीला तीन रकाने वाढवावेत : ट्रॅकची समुद्रसपाटीपासून उंची, बसण्याची पद्धत आणि कोणत्या नियमांखाली विक्रम झाला ते. जागा फार लागणार नाही. मग व्होइग्टचा ५१.११० हा आकडा ओब्रीच्या ५१.५९६ च्या खाली ‘नवा विक्रम’ म्हणून का उभा आहे, हे वाचकाला विचारावे लागणार नाही.

आपले,
ट्रॅक सायकलिंगचे प्रशिक्षक व सायकल कारागीर,
पुणे